खाडीतले फ्लेमिंगो, फाईलची बचत आणि जपायचा तपशील

ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोटीनं ठाणे खाडीत फेरी मारली की फ्लेमिंगोंच्या फोटो-व्हिडिओंनी फोनची मेमरी भरून येते. फाईल लहान करायच्या रीती दोन. लॉसलेसमध्ये एकही बिट हरवत नाही; लॉसीमध्ये डोळ्याला सहसा न जाणवणारा तपशील कायमचा टाकून दिला जातो. म्हणून मूळ फाईल तशीच ठेवा आणि लॉसी बचत एकदाच, सगळ्यात शेवटी करा.

जेपेग (फोटोंचा नेहमीचा लॉसी प्रकार) चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि प्रत्येकातल्या बारीक चढउतारांचे आकडे ढोबळ करतं. कातरून पुन्हा सेव्ह केलं की चौकोनांची जाळी सरकते आणि आधीच ढोबळ झालेलं चित्र नव्यानं ढोबळ होतं. काम सुरू असेपर्यंत टिफ किंवा पीएनजी या लॉसलेस प्रकारांत सेव्ह करा.

फ्लेमिंगोच्या फोटोत खरा घात होतो तो रंगाचा. जेपेग बऱ्याचदा ४:२:० पद्धतीनं सेव्ह होतं, म्हणजे रंगाची माहिती आडवी-उभी निम्मी, एकूण चौथाई उरते. राखाडी चिखलावर गुलाबी पंखाची कड त्यामुळे पुसट दिसते. गिम्प या फोटो एडिटरमध्ये एक्स्पोर्ट करताना क्वालिटी ८५ ते ९० ठेवा आणि प्रगत पर्यायांत सबसॅम्पलिंग ४:४:४, म्हणजे रंगाची माहिती पूर्ण, निवडा. फाईल थोडी वाढते, पण छापायच्या फोटोला ते हवंच. हे क्वालिटीचे आकडे प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये सारखे नसतात. ९० म्हणजे सगळीकडे तेच, असं धरून चालू नका.

ऑनलाइन अर्जाला ५० केबीची मर्यादा असेल तर आधी लांबी-रुंदी कमी करा, क्वालिटी मग. ४००० × ३००० चा फोटो तसाच ठेवून क्वालिटी १० वर नेली तर चेहऱ्यावर चौकोन उमटतात.

सोसायटीची कागदपत्रं, सातबारा, स्क्रीनशॉट यांना पीएनजी. जेपेगमध्ये अक्षरांभोवती मळकट ठिपके येतात. उलट फोटो पीएनजीत ठेवला तर फाईल कित्येक पट मोठी होते, कारण पीएनजी पुन्हापुन्हा येणारे नमुने शोधतं आणि फोटोतल्या नॉइजमध्ये, म्हणजे दाणेदारपणात, ते नसतात. जेपेग झिप करूनही काही वाचत नाही.

व्हिडिओला लॉसीशिवाय पर्यायच नाही: १०८० पी, सेकंदाला २५ फ्रेम, ४:२:० मध्येसुद्धा न दाबलेला एक मिनिट सुमारे ४.७ जीबी होतो. एच.२६४ (व्हिडिओ दाबायची एक प्रचलित रीत) प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही, आधीच्या-नंतरच्या फ्रेमशी असलेला फरक साठवतं. लाटा क्षणोक्षणी बदलतात, थवा उडाला की सगळी चौकटच बदलते. तिथे बिट कमी पडले की पंखांचा लगदा होतो.

हँडब्रेक या व्हिडिओ दाबायच्या सॉफ्टवेअरमध्ये असं करा. एन्कोडर एच.२६४, कॉन्स्टंट क्वालिटी, आरएफ २०, प्रीसेट स्लो. आरएफ हा दर्जाचा आकडा जितका कमी तितका दर्जा चांगला; साधारण ६ नं वाढवला की फाईल निम्मी होते. फ्रेमरेट कॉन्स्टंट ठेवा, कारण फोनचा फ्रेमरेट बऱ्याचदा कमीजास्त होतो आणि एडिट करताना आवाज पुढेमागे सरकतो. सगळा व्हिडिओ लावण्याआधी थवा उडतानाचे ३० सेकंद रेंजमधून निवडून तेवढेच करून पाहा. शांत पाण्यावरची चाचणी फसवी असते. लगदा दिसला तर आरएफ १८. संध्याकाळच्या उजेडात दाणेदारपणा असेल तर डीनॉइज हलकं लावा, नाहीतर बिट त्या दाण्यांवरच खर्च होतात.

एच.२६५ या त्यापुढच्या रीतीनं फाईल आणखी लहान होते, पण जुन्या टीव्हीवर चालेलच असं नाही. त्याचे आरएफ आकडेही वेगळे.

आकार ठरलेला असेल, समजा ५ मिनिटं १०० एमबीत बसवायची, तर १०० × ८ ÷ ३०० म्हणजे सेकंदाला २.६७ मेगाबिट. आवाजाचे १२८ किलोबिट वजा करून सरासरी बिटरेट (सेकंदाला किलोबिट) २५०० टाका आणि मल्टी-पास, म्हणजे एकाहून जास्त फेऱ्यांत दाबणं, चालू करा. तयार फाईल व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. व्हिडिओ म्हणून पाठवली तर ती पुन्हा दाबली जाते.