‘रेअर, व्हिंटेज, अनटेस्टेड’: जुन्या मॉडेल रेल्वेवर ऑनलाइन बोली लावताना या चुका टाळा

ब्रिटनमधल्या ऑनलाइन लिलावांत जुन्या मॉडेल रेल्वे विकणाऱ्यांची दोन कुळं आहेत. एक, आजोबांचा माळा रिकामा करायला बसलेलं. त्याला इंजिन आणि डबा यांतला फरक कळला तरी पुष्कळ. दुसरं सगळं जाणून असलेलं, आणि म्हणूनच फोटो एकाच बाजूचा टाकणारं. पंचाईत अशी की दोघांची भाषा सारखीच असते. पहिल्याच्या अज्ञानाचा तुम्हाला फायदा होऊ शकतो, दुसऱ्याच्या हुशारीचा कधीच नाही. म्हणून शीर्षक वाचून हसून घ्यावं आणि मग फोटो वाचायला बसावं.

‘रेअर’ शब्दाला पैसे मोजणं

हॉर्नबी या ब्रिटिश मॉडेल रेल्वे कंपनीचं ‘स्मोकी जो’ नावाचं चार चाकांचं छोटं इंजिन १९८० च्या दशकापासून वर्षानुवर्षं निघत आलं आहे आणि मुलांच्या सेटमधून घरोघरी गेलं आहे. तरी ते लिलावात ‘अतिदुर्मिळ’ म्हणून येतंच. नावात धूर असला तरी त्यातून धूर येत नाही. त्यामुळे ‘धूर येत नाही, बाकी उत्तम’ अशी प्रांजळ कबुली वाचली तर घाबरू नका.

हिरवं इंजिन दिसलं की ‘फ्लाइंग स्कॉट्समन’, निळं आणि निमुळतं दिसलं की ‘मॅलार्ड’, चॉकलेटी-क्रीम डबे दिसले की ‘ओरिएंट एक्सप्रेस’, हेही ठरलेलं. खातरजमा दोन मिनिटांची आहे. इंजिनावरचा क्रमांक वाचा: फ्लाइंग स्कॉट्समनचा जुना क्रमांक ४४७२ आणि ब्रिटिश रेल्वेच्या काळातला ६०१०३. मग चाकं मोजा. हे इंजिन ४-६-२ रचनेचं आहे, म्हणजे पुढे चार लहान, मध्ये सहा मोठी, मागे दोन लहान. मोजणी दोन्ही बाजूंची मिळून असते आणि टेंडरची, म्हणजे मागे जोडलेल्या कोळसा-पाण्याच्या डब्याची, चाकं त्यात धरत नाहीत. विक्रेता फोटोत दिसणारी एकच बाजू मोजून ‘२-३-१’ लिहितो. फ्रान्समध्ये आस मोजायची पद्धत असल्याने तिथे हे चाललं असतं. हॉर्नबीच्या ब्रिटिश इंजिनाखाली ते शोभत नाही.

दुर्मिळतेची खरी परीक्षा म्हणजे ‘विकल्या गेलेल्या वस्तू’ हा फिल्टर. मागितलेली किंमत ही विक्रेत्याची इच्छा असते, विकली गेलेली किंमत हा बाजारभाव. तेच मॉडेल त्या यादीत ढिगाने दिसत असेल तर ‘रेअर’ शब्द मनातल्या मनात खोडा.

‘व्हिंटेज’ आणि खोक्याचा तळ

हॉर्नबी हे नाव १९२० पासूनच्या पत्र्याच्या ओ गेज गाड्यांवर होतं (गेज म्हणजे रुळांमधली रुंदी). १९३८ मध्ये हॉर्नबी डब्लो ही लहान मापाची मालिका आली. १९६४ मध्ये ट्राय-अँगच्या मालक लाइन्स ब्रदर्सने हॉर्नबी बनवणारी मेकॅनो कंपनी घेतली, मग माल ‘ट्राय-अँग हॉर्नबी’ नावाने निघू लागला, आणि १९७२ पासून ‘हॉर्नबी रेल्वेज’. उत्पादन केंट परगण्यातल्या मार्गेटहून चीनला गेलं ते १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात. त्यामुळे तळावर ‘मेड इन चायना’ छापलेलं इंजिन ‘१९६० चं व्हिंटेज’ असूच शकत नाही. याला फसवणूक म्हणा किंवा नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, परिणाम तोच. गंमत अशी की हेच नवं मॉडेल बहुतेकदा जुन्यापेक्षा गुळगुळीत धावतं आणि तपशिलातही सरस असतं. ते धावायला हवं असेल तर विक्रेत्याची चूक सुधारायला जाऊ नका, फक्त ‘व्हिंटेज’चे वाढीव पैसे देऊ नका.

‘बॉक्स्ड’ म्हणजे खोकं आहे, एवढंच. ते त्याच इंजिनाचं आहे असं कोणी म्हटलेलं नाही. खोक्याच्या बाजूच्या चिठ्ठीवर ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक असतो, तो कॅटलॉगमध्ये त्याच क्रमांकाच्या इंजिनाचा आहे का ते पाहा. डब्लोचे साचे पुढे रेन कंपनीकडे गेले, त्यामुळे डब्लोचं बाहेरचं कवच रंगवून रेनच्या खोक्यात बसवणं फार अवघड नाही. संग्राहकाच्या भावाने बोली लावणार असाल तर कवच, सांगाडा आणि खोकं या तिघांचे वेगळे फोटो मागा.

मापाचा घोळ

पैसे खरे इथे बुडतात, म्हणून थोडं थांबून.

डबल ओ म्हणजे १:७६.२, फुटाला ४ मिलिमीटर. एचओ म्हणजे १:८७, फुटाला ३.५ मिलिमीटर. दोन्हींचा रूळ मात्र एकच, १६.५ मिलिमीटर रुंदीचा. खरी ब्रिटिश इंजिनं आकाराने लहान. मॉडेलांच्या सुरुवातीच्या काळातल्या विजेच्या मोटारी एचओच्या कवचात मावेनात म्हणून कवच वाढवलं आणि रूळ तोच ठेवला. म्हणून ‘ओओ/एचओ’ हे शीर्षक रुळापुरतं खरं आणि इंजिनापुरतं अर्धवट असतं. लिमा या इटालियन कंपनीने सुरुवातीची ब्रिटिश मॉडेलं एचओ मापात काढली होती. ती हॉर्नबीच्या डब्यांना जोडली की मोठ्या भावाचे कपडे घातलेल्या पोरासारखी दिसतात.

एन गेजचा रूळ ९ मिलिमीटरचा. ब्रिटिश मॉडेलं १:१४८, युरोप-अमेरिकेची १:१६०. विक्रेत्याला माप कळत नसेल तर लांबी विचारा, पट्टी सगळ्यांकडे असते. ब्रिटिश रेल्वेच्या लांब मार्क १ डब्याचं अंग ६४ फूट ६ इंच होतं. डबल ओमध्ये ते २५८ मिलिमीटर भरतं, एचओमध्ये २२६ च्या आसपास, ब्रिटिश एनमध्ये १३३. उत्तर ‘अंदाजे हाताएवढं’ असं आलं तर बोली तिथेच सोडा.

माप जुळलं तरी वीज जुळेल असं नाही. मेर्कलिन या जर्मन कंपनीचं एचओ इंजिन त्याच रुंदीच्या रुळावर बसतं, पण त्याची पद्धत तीन वाहकांची आहे: मधल्या खिळ्यांतून वीज घ्यायची आणि दोन्ही रूळ परतीचे. त्यामुळे चाकं एकमेकांपासून इन्सुलेट केलेली नसतात. असं इंजिन, किंवा नुसता डबासुद्धा, हॉर्नबीच्या दोन रुळांवर ठेवला की शॉर्ट सर्किट. ओळख सोपी: इंजिनाच्या पोटाखाली लांब धातूची पट्टी असते. डब्लोच्या १९५९ पूर्वीच्या तीन रुळी इंजिनांचंही दुखणं हेच, मध्यभागी स्प्रिंगवरचा संपर्क दिसतो. माल हाती आला की मल्टिमीटर डाव्या आणि उजव्या चाकाला लावा. जवळपास शून्य ओहम आले तर दोन रुळी पटरीवर ठेवू नका.

आणखी एक सापळा: नियतकालिकाच्या अंकांसोबत मिळालेली शोभेची इंजिनं. दिसायला देखणी, पट्टीवर अचूक, आत मोटार मुळीच नाही. ती ‘एन गेज लोकोमोटिव्ह, तपासायला ट्रॅक नाही’ म्हणून विकली जातात. ट्रॅक असता तरी काय तपासणार होते!

‘अनटेस्टेड’ म्हणजे तपासून पाहिलं, चाललं नाही

नेहमीच नाही, पण किंमत तसंच समजून ठरवा. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि दोन वायरी एवढ्यावर कुठल्याही साध्या डीसी इंजिनाची चाकं फिरतात का ते कळतं. वायरीचं एकेक टोक दोन बाजूंच्या चाकांना टेकवायचं. विक्रेत्याला हे सुचवा. पहिल्या कुळातला माणूस आनंदाने करून पाहतो, दुसऱ्या कुळातला उत्तरच देत नाही. दोन्हींतून तुम्हाला हवं ते कळतं.

‘थोडी सर्व्हिसिंग लागेल’ या वाक्यामागे काय लपलेलं असतं, ते सोप्याकडून कठीणाकडे असं:

घट्ट झालेलं तेल. आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाच्या काड्या, कम्युटेटरच्या (मोटारीतल्या फिरत्या संपर्काच्या) खाचांतली काजळी काढायला टूथपिक, मग प्रत्येक बेअरिंगला बारीक तेलाचा एकच थेंब. जास्त तेल ब्रशवर, म्हणजे कम्युटेटरला वीज देणाऱ्या तुकड्यांवर, जातं आणि दुखणं परत येतं.

कडक झालेले ट्रॅक्शन टायर, म्हणजे पकडीसाठी चाकांवर चढवलेली रबरी वळी. इंजिन जागच्या जागी चाकं फिरवतं. नवे टायर स्वस्त असतात.

ट्राय-अँगची एक्स०४ मोटार. हिच्या ब्रश-स्प्रिंगच्या एका टोकावर इन्सुलेशनची बारीक नळी असते. कोणीतरी ‘दुरुस्ती’ करताना ती हरवलेली असते, आणि मग मोटार थेट शॉर्ट. नवी नळी चढवली की काम होतं. मात्र साफसफाईसाठी हिचा मॅग्नेट उपसून काढू नका. धातूचा जोड तुटला की त्याची ताकद उतरते आणि मोटार जास्त करंट ओढून गरम होते.

मेनलाइन आणि बॅकमन या ब्रँडची सुरुवातीची दुभंगलेल्या सांगाड्याची इंजिनं. डाव्या-उजव्या चाकांचे अर्धे आस प्लास्टिकच्या नळीने जोडलेले असतात. नळी तडकली की दोन बाजूंच्या चाकांचा ९० अंशांचा मेळ बिघडतो आणि इंजिन लंगडत चालतं. दुरुस्त होतं, पण सवड आणि सुटे भाग मिळायला हवेत.

आणि मॅझॅक या सांगाड्याच्या धातूची सड. जस्ताच्या मिश्रधातूत शिसं वगैरे अशुद्धी राहिली की वर्षांनी तो आतून फुगतो, तडकतो, भुगा होतो. युद्धापूर्वीच्या मालात हे दिसतं, तसं हॉर्नबीच्या क्लास ३१ सारख्या अलीकडच्या डिझेल इंजिनांतही. यावर इलाज नाही. फोटोत सांगाडा बाक आलेला, टोकं खाली झुकलेली किंवा कवच मधे उघडलेलं दिसलं, आणि वर्णनात ‘किंचित वाकलंय, सरळ करता येईल’ असं असलं, तर ते सरळ होणार नाही, मोडेल.

डीसीसी: ‘रेडी’ आणि ‘फिटेड’

डीसीसी म्हणजे रुळांतून डिजिटल आज्ञा देऊन इंजिन चालवायची पद्धत; त्या आज्ञा इंजिनातला डिकोडर वाचतो. डीसीसी रेडी म्हणजे आत सॉकेट आहे, डिकोडर नाही. फिटेड म्हणजे डिकोडर आहे. लिलावात हे दोन शब्द सर्रास बदलून येतात, आणि डिकोडरची किंमत तुमच्या डोक्यावर बसते. इंजिन कोणत्या ॲड्रेसवर चालतं ते विचारा. कारखान्यातून आलेल्या डिकोडरचा ॲड्रेस सहसा ३ असतो. घराचा पत्ता कळवणाऱ्या विक्रेत्याच्या इंजिनात डिकोडर नाही, असं खुशाल समजा. ‘साउंड आहे’ याचा अर्थही विचारून घ्यावा. जुन्या गिअरांचा आवाजही साउंडच.

एक्स०४ सारख्या मोटारीत एक ब्रश थेट सांगाड्याला जोडलेला असतो. तो वेगळा न करता डिकोडर बसवला तर डिकोडर जळतो. ‘हौशी माणसाने डीसीसी बसवलंय’ असं वाचलं की मोटारीच्या जोडणीचा फोटो मागा.

‘मिंट’, ‘प्रोफेशनली वेदर्ड’

चाकांची कड फसवत नाही. न वापरलेल्या इंजिनाच्या चाकावर एकसारखा मुलामा असतो, धावलेल्याच्या चाकावर काळा पट्टा किंवा घासून निघालेलं पितळ. म्हणून मिंट म्हटलेल्या मालाचा तळाचा फोटो नसेल तर तो मागायचाच. सोबत पायऱ्या, बफर, हँडरेल, टेंडरचा जोड, पुढचं-मागचं कपलिंग हेही नजरेखालून घाला. तुटतं ते यांतलंच. वेदरिंगमध्ये, म्हणजे मुद्दाम मळकं-वापरलेलं दाखवायच्या रंगकामात, काजळी धुराड्याभोवती आणि मळ चाकांकडे असायला हवा. सगळीकडे सारखा तपकिरी फवारा असेल तर आतला ओरखडा झाकलेला असण्याची शक्यता जास्त.

माल हाती आल्यावरची घाई

पार्सल उघडताच तेल घालू नका, स्क्रू काढू नका. आधी सगळ्या बाजूंनी फोटो, मग मल्टिमीटर, मग मीटरभर सरळ रुळावर १२ व्होल्ट डीसीवर दोन्ही दिशांना. बिघाड दिसला तर तोही चित्रित करा. तुम्ही एकदा इंजिन उघडलं की बिघाड कोणाचा हा वाद सुरू होतो. ईबेच्या मनी बॅक गॅरंटीत वर्णनाशी न जुळणाऱ्या वस्तूबद्दल साधारणपणे माल पोहोचल्यापासून ३० दिवसांत तक्रार करता येते, ‘नो रिटर्न्स’ लिहिलेलं असलं तरी. पण वर्णनात ‘स्पेअर्स ऑर रिपेअर’ (सुट्या भागांसाठी किंवा दुरुस्तीसाठी) असेल तर न चालणं हेच वर्णनाशी जुळणं झालं. म्हणून प्रश्नोत्तरं साइटच्या मेसेजमधूनच करा, फोनवर नाही.

भारतात मागवणाऱ्यांनी टपाल आणि कस्टम धरून बोलीची मर्यादा आधीच कागदावर लिहावी. अमेरिकेतला जुना लायोनेल सेट मोहात पाडतो, पण त्याचा ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्टचा असतो; आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला लावला तर जळेल. शिवाय जुना लायोनेल ओ गेजचा, तीन रुळी आणि एसीवर चालणारा असतो. हॉर्नबीशी त्याचं काहीच जुळत नाही. जुन्या ब्रिटिश कंट्रोलरला व्होल्टेज चालतं, पण वायरचं कव्हर कडक झालं असेल किंवा तडकलं असेल तर ती बदलल्याशिवाय लावू नये.

राहिला पहिल्या कुळाचा फायदा. शोधताना चुकीची स्पेलिंगं टाकून पाहा: हॉर्नबीत एक ‘एस’ घुसवलेला, बॅकमनमधला ‘एच’ गाळलेला, गेजमधले ‘ए’ आणि ‘यू’ उलटे. नीट स्पेलिंग शोधणाऱ्यांच्या नजरेतून असा माल निसटू शकतो, आणि शेवटच्या मिनिटाला त्यावर तुमची एकटीच बोली असू शकते.