एप्रिलचं बिल निघण्याआधी: सोसायटीच्या नव्या खजिनदाराची तयारी

सोसायटीचं खजिनदारपद सहसा त्या सभेला गैरहजर असलेल्या माणसाच्या गळ्यात पडतं. तसं ते तुमच्याकडे आलं असेल, तर जानेवारी-फेब्रुवारीपासूनच कामाला लागा. मागच्या वर्षीचं मेंटेनन्स बिल काढायचं, त्यात दोन-तीनशे रुपये घालायचे आणि त्यालाच अंदाजपत्रक म्हणायचं, ही आपल्याकडची रूढ पद्धत. सोयीची आहे, सभेत वादही होत नाहीत. पण पंधराव्या-सोळाव्या वर्षी गच्ची गळायला लागते, लिफ्टचे सुटे भाग मिळेनासे होतात आणि कमिटी घरटी लाखाची मागणी लावते, तेव्हा पेन्शनवर जगणाऱ्या सभासदाच्या तोंडचं पाणी पळतं. म्हणून क्रम असा ठेवा: आधी कागद, मग इमारत, आकडा सगळ्यात शेवटी.

कागदांत सर्वांत आधी नोंदणीचा दाखला बघा. तुमची सोसायटी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 खाली नोंदलेली आहे, की 1970 च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालचं ते अपार्टमेंट आहे, हे त्यावरून कळतं आणि पुढचा सगळा हिशेब त्यावर ठरतो. अपार्टमेंटमध्ये सामाईक खर्च प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याच्या प्रमाणात वाटला जातो, म्हणजे मोठ्या फ्लॅटला जास्त. सहकारी सोसायटीत सेवाशुल्क, म्हणजे वॉचमन, सामाईक दिवे, साफसफाई असा रोजचा खर्च, सगळ्यांना सारखं. पुण्यात एकाच गल्लीत दोन्ही प्रकार नांदतात, त्यामुळे ‘शेजारच्या बिल्डिंगमध्ये तर असं नाही’ म्हणणारं कुणी ना कुणी सभेत भेटतंच. पुढचं सगळं सहकारी सोसायटीला धरून आहे.

दाखल्याबरोबर मंजूर उपविधींची, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीची, प्रत घ्या आणि एकदा तरी सलग वाचा. मग गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, मुदत ठेवींच्या मूळ पावत्या, बँकेत सह्या बदलल्याचं पत्र, लिफ्ट-पंप-जनरेटर-सीसीटीव्हीचे देखभाल करार, विम्याची पॉलिसी, मालमत्ता कराची बिलं, पॅन आणि टॅन (करकपातीसाठीचा क्रमांक). कराच्या पोर्टलवरच्या खात्यांचे पासवर्डही मागून घ्या. जुने खजिनदार मुलाकडे अमेरिकेत गेलेले असतात आणि ओटीपी त्यांच्याच मोबाइलवर जात असतो, हे कर भरायच्या शेवटच्या दिवशी कळून उपयोग नाही.

आता एक काम असं सांगतो, की बाकी काही जमलं नाही तरी हे कराच. ताळेबंदाच्या देणी बाजूला सिंकिंग फंड (इमारतीच्या पुनर्बांधणीसाठी साठवायचा निधी) आणि दुरुस्ती निधी किती दाखवलाय ते बघा. मग कपाटातल्या ठेवींच्या पावत्यांची बेरीज करा. समजा ताळेबंद म्हणतो दोन्ही निधी मिळून 18 लाख, आणि पावत्या भरतात 11 लाखांच्या. मधले 7 लाख कुठे गेले? बहुतेक वेळा कुणी खाल्लेले नसतात. काही थकबाकीत अडकलेले असतात, बाकीचे वॉचमनच्या पगारात, टँकरमध्ये, वीजबिलात गेलेले असतात, कारण सेवाशुल्क वर्षानुवर्षं खर्चापेक्षा कमी ठेवलेलं असतं आणि तूट गुपचूप निधीतून भरली जाते. ‘आमच्याकडे मेंटेनन्स सगळ्यात कमी’ असं अभिमानाने सांगणाऱ्या सोसायट्यांत ही तफावत हमखास सापडते. ती एका कागदावर लिहा, कमिटीपुढे ठेवा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या. ही तूट तुम्ही पदावर येण्याआधीची आहे, याचा पुरावाही तोच. जाता जाता लेखापरीक्षकाचे आक्षेप बघा. अहवाल मिळाल्यापासून तीन महिन्यांत दोष दुरुस्तीचा अहवाल ‘ओ’ नमुन्यात द्यायचा असतो. तो दिलेला नसेल तर तेच आक्षेप दरवर्षी शब्द न शब्द उतरवलेले दिसतील.

मग इमारत. एखाद्या रविवारी सकाळी प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि जुना वॉचमन यांना घेऊन गच्चीपासून पंपरूमपर्यंत फिरा. गच्चीचं वॉटरप्रूफिंग, पाण्याच्या टाक्यांच्या स्लॅबची खालची बाजू, डक्टमधले पाइप, मीटररूम, ड्रेनेजचे चेंबर, कंपाउंडची भिंत. वॉचमनला बोलू द्या. कुठला पंप रात्री बंद पडतो आणि कुठल्या चेंबरला दर पावसाळ्यात तुंबायची सवय आहे, हे कमिटीपेक्षा त्याला जास्त ठाऊक असतं. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे राज्य सरकारच्या नमुना नियमावलीप्रमाणे, इमारत 15 ते 30 वर्षांची असेल तर दर पाच वर्षांनी आणि 30 च्या पुढे गेली की दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करायचं असतं. ते कधी झालं होतं आणि त्यात सांगितलेल्यांपैकी काय केलं, हेही तपासा. अहवाल मागवायचा आणि फाइलला लावायचा, एवढ्यावर अनेकांचं भागतं. अग्निशमन यंत्रणा असेल तर 2006 च्या राज्य कायद्यानुसार परवानाधारक एजन्सीकडून जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा ‘बी’ नमुन्यातला दाखला लागतो. त्याचा खर्च अंदाजपत्रकात हटकून विसरला जातो.

या फेरीतून एक वही तयार होईल: कुठलं काम, साधारण किती वर्षांत येणार, आजच्या भावाने किती रुपये. रंगकाम, गच्ची, पंप, लिफ्टची केबल, लिफ्टच बदलणं, पाण्याच्या उभ्या लाइन. आकड्यांसाठी एखाद्या कंत्राटदाराला कोटेशन मागा, पण काम देण्याचं कबूल करू नका. पुढच्या दहा वर्षांची ही वही हेच तुमचं खरं अंदाजपत्रक.

रोजच्या खर्चात फार वेळ घालवायचं कारण नाही. वर्षभराचं बँक स्टेटमेंट घेऊन महिनावार मांडा, म्हणजे मार्च ते जून टँकरचा फुगवटा, पावसाळ्यापूर्वीची साफसफाई, दिवाळीचा बोनस आपोआप दिसेल. सिक्युरिटीच्या एजन्सीचं कंत्राट असेल तर किमान वेतनातली वाढ गृहीत धरा. सामाईक वीजबिल जड जात असेल तर गच्चीवरच्या सोलरचा विचार याच वेळी करा. ‘पीएम सूर्यघर’ योजनेत गृहनिर्माण सोसायटीच्या सामाईक वापरासाठी प्रतिकिलोवॅट 18,000 रुपये अनुदान आहे. पण गच्चीचं वॉटरप्रूफिंग आधी, पॅनल नंतर. हा क्रम उलटा केला की गळती शोधायला पॅनल उतरवावी लागतात.

आता बिलाची फोड. पगार, सामाईक दिवे, साफसफाई, कार्यालय, छपाई, हिशेबनीसाचं मानधन हे सेवाशुल्क, आणि ते प्रत्येक सदनिकेला समसमान. ‘माझा वन बीएचके, मी थ्री बीएचकेएवढे का भरू?’ हा प्रश्न येणारच. वॉचमन दोघांच्याही घराची सारखीच राखण करतो, हे त्याचं साधं उत्तर आहे, आणि मुंबई उच्च न्यायालयानेही वरळीच्या व्हीनस सोसायटीच्या प्रकरणात समान आकारणीचीच बाजू घेतलेली आहे. पाणीपट्टी मात्र नळजोडांची संख्या आणि आकार बघून. लिफ्टचा खर्च ज्या इमारतीत लिफ्ट आहे तिथल्या सगळ्यांना सारखा, वापरा किंवा नका वापरू. तळमजल्यावरच्या सभासदांची नाराजी इथे ठरलेली. विमा क्षेत्रफळाप्रमाणे. मालमत्ता कर ज्याचा त्याला, पालिकेच्या आकारणीनुसार. फ्लॅट भाड्याने दिला असेल तर बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंतच, असा राज्य सरकारचा 2001 चा आदेश आहे. 10 टक्के एकूण बिलाचे नव्हेत, फक्त सेवाशुल्काचे. बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये ही चूक इतकी सर्रास असते की ती तपासल्याशिवाय एकही बिल पाठवू नका.

निधींची गोष्ट जरा थांबून समजून घ्यायची. आदर्श उपविधींत सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान 0.25 टक्के आणि दुरुस्ती व देखभाल निधी किमान 0.75 टक्के, जमिनीची किंमत त्यात धरायची नाही. उदाहरण घ्या: 600 चौरस फुटांचा फ्लॅट, बांधकाम खर्च फुटाला 1,500 रुपये, म्हणजे 9 लाख. सिंकिंग फंड वर्षाला 2,250, महिन्याला साधारण 188 रुपये. दुरुस्ती निधी वर्षाला 6,750, महिन्याला साधारण 563. असे 40 फ्लॅट असतील तर सिंकिंग फंड वर्षाला 90,000 जमतो, आणि व्याज सोडून पंधरा वर्षांत साडेतेरा लाख. तुमच्या वहीतल्या मोठ्या कामांशेजारी हा आकडा मांडून बघा. इमारत 1990 च्या दशकातली असेल आणि बांधकाम खर्च तेव्हाच्या दराने धरलेला असेल, तर जमा याहून कितीतरी कमी असेल.

उपविधीतल्या ‘किमान’ या अटीकडे म्हणूनच बोट ठेवायचं. त्यापेक्षा जास्त दर ठरवायचा अधिकार सर्वसाधारण सभेला आहे आणि तो वापरायला हवा. शिवाय मोठ्या दुरुस्तीचा वेगळा निधी सभेच्या ठरावाने क्षेत्रफळाप्रमाणे गोळा करता येतो. पाच वर्षांनी येणारं 20 लाखांचं काम 40 घरांत सारखं वाटलं तरी महिन्याला साधारण 833 रुपये पडतात. तेच एकदम मागितलं तर 50,000. सभेत भाषण करण्यापेक्षा हे दोन आकडे फळ्यावर लिहा. आणि सिंकिंग फंडाला रंगकामासाठी हात लावू नका. तो पुनर्बांधणीसाठी, किंवा वास्तुविशारदाने गरजेचे म्हटलेल्या रचनात्मक फेरबदलांसाठी असतो, तोही सर्वसाधारण सभेच्या ठरावाने.

पैसे ठेवायचे कुठे? कायद्याने परवानगी असलेल्या बँकांमध्येच, आणि सगळे एकाच ठिकाणी कधीच नाहीत. सप्टेंबर 2019 मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले, तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त 1,000 रुपये काढता येत होते. मुंबई परिसरातल्या कित्येक सोसायट्यांचे दुरुस्तीचे पैसे त्यात अडकले. फेब्रुवारी 2025 मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेची पाळी आली. ठेव विम्याचं संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला 5 लाखांपर्यंत, आणि सोसायटी म्हणजे एकच ठेवीदार, फ्लॅट चाळीस असले तरी. अर्धा टक्का जादा व्याजासाठी 30 लाख एका बँकेत ठेवणाऱ्या कमिटीला हे आधीच सांगा. ठेवींच्या मुदती वहीतल्या कामांच्या वर्षांशी जुळवल्या, तर मोडताना दंड पडत नाही.

थकबाकीची यादी नावानिशी करा आणि तीन महिन्यांच्या वरची वेगळी काढा. उपविधींच्या भाषेत ते थकबाकीदार. व्याज आदर्श उपविधींप्रमाणे जास्तीत जास्त 21 टक्के, सरळव्याजाने, आणि प्रत्यक्ष दर सभेने ठरवलेला. चक्रवाढ लावलेलं बिल सहकार खात्याच्या उपनिबंधकांपुढे टिकत नाही आणि खरी थकबाकीही त्यात लटकते. आधी फोन, मग घरी जाऊन बोलणं, मग लेखी नोटिसा. कधी कधी घरात आजारपण असतं, नोकरी गेलेली असते. हप्ते बांधून दिले तर पैसे येतात. जो मुद्दाम भरत नाही त्याच्यासाठी सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 154ब-29 खाली वसुली दाखल्याचा अर्ज आहे. त्याला खातेउतारा, नोटिसांच्या पोचपावत्या आणि ठराव लागतात, म्हणून पहिल्या नोटिशीपासून फाइल नीट ठेवा. पाणी तोडणं किंवा नोटीस बोर्डावर टोमणे लिहिणं यातून फक्त नवी तक्रार जन्माला येते.

करांचं काम हिशेबनीसावर सोडा, पण चार गोष्टी स्वतः माहीत असू द्या. जीएसटीत सभासदामागे महिन्याला 7,500 रुपयांपर्यंतच्या वर्गणीला सूट आहे. सोसायटीची वार्षिक उलाढाल 20 लाखांवर आणि वर्गणी 7,500 च्या वर, असं दोन्ही झालं तर 18 टक्के लागतो, आणि कर विभागाच्या 2019 च्या परिपत्रकानुसार तो वरच्या फरकावर नाही, पूर्ण रकमेवर. म्हणून वर्गणी 7,600 होत असेल तर पुन्हा एकदा बेरीज बघा. कंत्राटदाराला एका बिलात 30,000 च्या वर किंवा वर्षात एक लाखाच्या वर देत असाल तर टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, कापायचा: व्यक्ती असेल तर 1 टक्का, कंपनी किंवा भागीदारी असेल तर 2. सभासदांकडून आलेली वर्गणी परस्परतेच्या तत्त्वामुळे (सभासदांचेच पैसे सभासदांसाठी, त्यात नफा नाही) आयकराला पात्र नसते, सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर होताना घेतल्या जाणाऱ्या हस्तांतरण शुल्कालाही तेच लावलं. गच्चीवरच्या मोबाइल टॉवरचं भाडं मात्र त्यात बसत नाही.

शेवटी तारखा. दर बदलायचे असतील तर मार्चआधी विशेष सर्वसाधारण सभा घ्या. सप्टेंबरात दर वाढवून एप्रिलपासूनचा फरक मागितला की निम्मी सोसायटी तुमच्याशी बोलायची बंद होते. 31 मार्चला वर्ष संपलं की 45 दिवसांत हिशेब तयार, 31 जुलैपर्यंत लेखापरीक्षण, 30 सप्टेंबरपर्यंत वार्षिक सभा आणि निबंधकांकडे विवरणपत्रं. सभेची नोटीस 14 पूर्ण दिवस आधी, तिच्यासोबत ताळेबंद, जमाखर्च आणि अंदाजपत्रक. दहा वर्षांच्या कामांची यादीही जोडा, भले कुणी वाचो न वाचो. गणपतीच्या आठवड्यात सभा ठेवू नका, कोरम भरत नाही. ठरावाचा मसुदा आधीच लिहून न्या: कुठला निधी, कोणता दर, कोणत्या महिन्यापासून, सूचक कोण, अनुमोदक कोण. त्याच सभेत पुढच्या वर्षीचा लेखापरीक्षक शासनाच्या नामतालिकेतून नेमायचा असतो. नेमणुकीची सूचना निबंधकांना 30 दिवसांत कळवा आणि पोचपावती त्याच फाइलला लावा.