पार्करचे तास, आणि लॉगबुकात खरोखर होणाऱ्या चुका

‘त्याचे निम्मे तास पी-51वरचे आहेत’ असं एखादा अमेरिकन पायलट दुसऱ्याबद्दल म्हणाला, तर ते कौतुक समजू नका. पी-51 म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं मस्टँग हे लढाऊ विमान आणि पार्कर 51 म्हणजे त्याच काळातलं फाउंटन पेन. गड्याने तास विमानात बसून नाही, टेबलावर बसून भरलेत, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडेही ‘पार्करचे तास’ म्हटलं की हँगरमागच्या चहावर सगळे गालात हसतात. पण ती लबाडी झाली, तिच्यावर माझ्याकडे उपाय नाही. मला बोलायचंय ते प्रामाणिक पोरांबद्दल, जी खरंच उडतात आणि लॉगबुक, म्हणजे उड्डाणाच्या तासांची वही, लिहिताना माती खातात.

सगळ्यात महागात पडते ती अमेरिकेतून शिकून आलेल्यांची चूक. तिथला नियम असा, की लायसन्स हातात आल्यावर, ज्या विमानाचं रेटिंग (ते उडवायची परवानगी) आहे त्याचे कंट्रोल्स तुम्ही एकटे हाताळत असाल, तर शेजारी इन्स्ट्रक्टर बसलेला असूनही तो वेळ पीआयसी, म्हणजे पायलट-इन-कमांड किंवा कॅप्टन, म्हणून लिहिता येतो. इन्स्ट्रक्टरही तोच वेळ पीआयसी लिहितो. बाहेरचं दिसू नये म्हणून हूड लावून नुसत्या इन्स्ट्रुमेंटवर उडायचा सराव चालला असेल तर बाहेर बघणारा सेफ्टी पायलटसुद्धा, विमानाची जबाबदारी त्याने घेतलेली असल्यास, पीआयसी लिहू शकतो. विमान एक, सीटा दोन, कॅप्टन दोन! मागच्या सीटवर कुणी झोपला असता तर त्यानेही अर्धा तास मागितला असता, असा विनोद तिथे नेहमी चालतो.

विनोद भारतात उतरेपर्यंतच टिकतो. डीजीसीएला, म्हणजे आपल्या विमान वाहतूक नियामकाला, सीपीएलसाठी (व्यावसायिक पायलटच्या लायसन्ससाठी) 200 तास हवेत आणि त्यातले 100 पीआयसी. इथे इन्स्ट्रक्टर शेजारी असला की ते ड्युअल, आणि ड्युअल म्हणजे ड्युअल. 230 तास आणि 140 पीआयसी अशी ऐटदार बेरीज घेऊन आलेला मुलगा इन्स्ट्रक्टरच्या सहीच्या ओळी वजा करायला बसतो, आणि आकडा नव्वदीच्या खाली घसरतो. मग उरलेले तास स्वतःच्या, म्हणजे बापाच्या, खिशातून पुन्हा उडायचे. उपाय सोपा आहे, पण तो तिथे असतानाच करायला हवा. लॉगबुकात एक जादा कॉलम आखा आणि इन्स्ट्रक्टर विमानात नव्हता तेवढाच वेळ त्यात लिहा. सेफ्टी पायलटचे तास त्यातही धरू नका. परतीचं तिकीट काढायच्या आधी त्या कॉलमची बेरीज बघा.

सीपीएललाच लागणाऱ्या 300 नॉटिकल मैलांच्या क्रॉस-कंट्रीचं, म्हणजे लांब पल्ल्याच्या उड्डाणाचंही तसंच. दोन वेगळ्या विमानतळांवर फुल-स्टॉप लँडिंग, म्हणजे उतरून पूर्ण थांबणं, लागतं. टच-अँड-गो करून, म्हणजे चाकं टेकवून न थांबता, पुढे गेलात तर पेट्रोल गेलं, फोटो आले, अट राहिली.

आता हॉब्स मीटर, म्हणजे विमानातला तास मोजणारा मीटर. तो दशांशात चालतो, 0.1 म्हणजे 6 मिनिटं. मीटरवर 1.3 दिसलं की पोरं बिनधास्त 1:30 लिहितात. खरं उत्तर 1 तास 18 मिनिटं. एका ओळीत 12 मिनिटांची सूज, 50 सॉर्टींत (उड्डाणांत) 10 तासांची. पार्कर न वापरता पार्करचे तास! मी स्वतः विद्यार्थी असताना उलटी गंमत केली होती. 0:50 आणि 0:45 कॅल्क्युलेटरवर मिळवून 0:95 लिहिलं, आणि पुढची चार पानं तीच बेरीज ओढत नेली. एक्सेलवर हिशेब ठेवत असाल तर वेगळा खड्डा आहे. साध्या वेळेच्या फॉरमॅटमध्ये ते 24 तास झाले की शून्यावर येतं, म्हणून 203 तासांची बेरीज 11:00 दाखवतं. फॉरमॅटमधल्या तासांच्या अक्षराला चौकटी कंस घाला, बेरीज जागेवर येते.

उड्डाण सुरू कधी होतं, यावरून तर जेवणं थंड झालेली आहेत. आंतरराष्ट्रीय व्याख्येप्रमाणे टेकऑफच्या हेतूने विमान पहिल्यांदा हललं की घड्याळ सुरू. अमेरिकन व्याख्येत मात्र ते स्वतःच्या शक्तीने हलायला हवं, म्हणजे ट्रॅक्टरने मागे ढकललं तो वेळ बाद. ‘सर, सेसना (छोटं विमान) हँगरमधून हाताने ढकलत आणली, तो वेळ कुठल्या कॉलममध्ये?’ असं एकाने विचारलं होतं. व्यायामाच्या, म्हटलं.

अमेरिकेत रात्रीही तीन आहेत. दिवे लावायची रात्र सूर्यास्ताला सुरू होते, लॉगबुकातली रात्र संधिप्रकाश संपल्यावर, आणि प्रवासी न्यायचे तर लागणारी तीन लँडिंग सूर्यास्तानंतर एक तासाने केलेलीच धरतात, तीही फुल-स्टॉप. भारतातल्या सीपीएलला रात्रीचे 5 तास आणि पीआयसी म्हणून 10 टेकऑफ, 10 लँडिंग लागतात. संध्याकाळची लालसर सॉर्टी रात्रीत ढकलू नका. सूर्यास्ताची वेळ शेऱ्यात लिहून ठेवली की वाद मिटतो.

चूक सापडलीच तर व्हाइटनर लावू नका. पांढरा डाग दिसला की तपासणारा आधी तिथेच बोट ठेवतो. जुना आकडा वाचता येईल अशी एकच रेघ मारा, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख.

तारखेवरून आठवलं. एक विद्यार्थी 14 तारखेला पहाटे पावणेपाचला उडाला. वेळ यूटीसीत, म्हणजे भारताच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत, 23:15 अशी बरोबर लिहिली, पण तारीख भारतातलीच ठेवली. यूटीसीप्रमाणे ती अजून 13 होती. विमानाच्या लॉगशी ताळा केला, तर लॉगबुकाप्रमाणे साहेब 14च्या रात्री आकाशात, आणि तेच विमान त्या रात्री 100 तासांच्या तपासणीसाठी इंजिन उघडं टाकून हँगरात बसलेलं. ‘कशावर उडालास रे?’ विचारल्यावर मागून कुणीतरी ओरडलं, ‘पी-51वर!’