स्वतंत्र पॉप बँडने स्टुडिओ अल्बम प्रकाशित करताना

मिक्सिंग (वेगवेगळ्या वाद्यांचे आणि आवाजांचे ध्वनी एकत्र जुळवणे) संपताच प्रकाशनाची तारीख जाहीर करण्याचा मोह आवरावा आणि मास्टर केलेल्या, म्हणजे ध्वनीवर शेवटचा हात फिरवलेल्या फाइल्स हाती आल्यावर निदान महिनाभराची सवड ठेवावी. मास्टरिंग शक्यतो दुसऱ्या अभियंत्याकडे सोपवावे, कारण तीच गाणी महिनोन्महिने ऐकलेल्या कानांना ‘स’ आणि ‘श’ची टोचणारी धार जाणवेनाशी होते. स्पॉटिफाय सर्वसाधारणपणे सर्व गाणी उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणारा आवाजाचा मोठेपणा मोजण्याचे एकक) या पातळीवर आणते, त्यामुळे आवाज मोठा करण्यासाठी ड्रमचा ठोका चेपणारे मास्टर मुळीच स्वीकारू नये.

खरी काळजी कागदपत्रांची घ्यावी. गीत, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात. म्हणून प्रत्येक गाण्यात कोणाचा किती वाटा आहे, हे मैत्री कितीही घट्ट असली तरी लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. गीतकार आणि संगीतकारांनी आयपीआरएस या रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेचे सदस्यत्व घ्यावे, कारण २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीने दिलेला रॉयल्टीचा हक्क नोंदणीविना पदरात पडणे अवघड असते.

प्रत्येक ध्वनिमुद्रणाला त्याची ओळख सांगणारा बारा अक्षरांकांचा आयएसआरसी क्रमांक लागतो, जो बहुतेक वितरक (गाणी स्ट्रीमिंग सेवांवर पोहोचवणाऱ्या कंपन्या) स्वतःच देतात. आधी सिंगल म्हणून आलेले गाणे अल्बममध्ये घेताना मात्र जुनाच क्रमांक आवर्जून भरावा, नाहीतर त्याची श्रोतेसंख्या पुन्हा शून्यापासून मोजली जाण्याचा धोका असतो.

प्रकाशन शुक्रवारी ठेवावे, आणि त्याआधी किमान सात दिवस अल्बममधील एकच गाणे, सर्वांत लोकप्रिय वाटणारे नव्हे तर बँडची ओळख सांगणारे, स्पॉटिफायच्या संपादकांकडे पाठवावे.