दूध-अंडी सोडली, पण ताटात आलं काय? व्हीगन होताना या चुका टाळा

व्हीगन झालेली माणसं मागे फिरतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. प्राण्यांचा विचार करून कुणी दूध, अंडी, मांस, मध सगळं सोडतं, घरच्यांची नाराजी पत्करतं आणि सहा-आठ महिन्यांनी म्हणतं, "नाही झेपलं. अंगात ताकदच राहिली नाही." अशा वेळी मी एवढंच विचारते, की रोज खात काय होतीस? उत्तरात त्याच चार-पाच चुका निघतात. टाळता येणाऱ्या, आधी कुणी सांगितल्या असत्या तर घडल्याच नसत्या अशा. म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

वगळलं सगळं, भरलं काहीच नाही

सगळ्यात जास्त दिसणारी चूक ही. लोक ताटातले पदार्थ काढून टाकतात आणि उरलेलं खात राहतात. उरतं काय, तर भात किंवा ब्रेड, थोडी भाजी, फळं.

माझ्या भाचीनं अगदी असंच केलं. सकाळी फळं, दुपारी सॅलड, रात्री भात-भाजी. दोन महिन्यांत केस गळायला लागले, सारखी थंडी वाजायची, जिना चढताना धाप लागायची. तिला वाटलं, शरीराला दुधाची गरज आहे. मी तिला कागद-पेन घेऊन बसवलं. आधी ती रोज दोन अंडी खायची आणि दोन कप दूध प्यायची. एवढं काढलं की साधारण २८ ग्रॅम प्रथिनं आणि साडेचारशेच्या आसपास कॅलरी जातात. प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज किमान ०.८ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे साठ किलोच्या व्यक्तीला ४८ ग्रॅम. त्यातली निम्म्याहून जास्त तिनं एका दिवसात बंद केली होती आणि त्या जागी आलं होतं सफरचंद.

त्यात भाज्या-फळांनी पोट लवकर भरतं, पण कॅलरी कमी मिळतात. पोट भरलं म्हणजे पुरेसं खाल्लं, हा अंदाज नव्या आहारात सुरुवातीला चुकतो. थकवा येतो तो बहुतेकदा कमी खाल्ल्यामुळे आणि दोष जातो व्हीगन असण्याला.

उपाय सोपा आहे, पण घाईच्या माणसाला आवडत नाही. माझ्याकडे कुणी विचारायला आलं की मी सांगते, पहिले दोन आठवडे काहीही सोडू नका. फक्त प्रत्येक जेवणात डाळ, कडधान्य, टोफू किंवा सोयाबीन यांपैकी काहीतरी वाढवा. शंभर ग्रॅम शिजवलेल्या मसुरात साधारण ९ ग्रॅम प्रथिनं असतात, घट्ट टोफूत त्याहून जास्त. हे अंगवळणी पडलं, चार-पाच पदार्थ डोळे मिटून करता यायला लागले, की मग एकेक गोष्ट कमी करा. आधी मांस, मग अंडी, मग दूध, किंवा तुम्हाला जमेल त्या क्रमानं. शेंगदाणे, काजू, तीळ, भोपळ्याच्या बिया हाताशी ठेवा आणि खाताना कंजूषपणा करू नका.

धान्यं आणि कडधान्यं एकाच घासात एकत्र आली पाहिजेत हा जुना समज आहे. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं आणि कडधान्यात भरपूर, त्यामुळे दिवसभरात दोन्ही पोटात गेली की पुरतं. 'तीस दिवसांत व्हीगन' छापाची आव्हानं मला मुळीच आवडत नाहीत. एकतिसाव्या दिवशी काय शिजवायचं हे त्यात कुणी शिकवत नाही.

बी-१२ 'नंतर बघू'

या चुकीवर मी कितीही बोलले तरी मला ते कमीच वाटतं.

माझा एक जवळचा मित्र लांब पल्ल्याचा सायकलस्वार. व्हीगन होण्याआधीही तो बरीच वर्षं शाकाहारी होता आणि दूधही बेताचंच घ्यायचा. व्हीगन झाल्यावर त्याचं खाणं खरोखर उत्तम होतं. कडधान्यं, पालेभाज्या, सुकामेवा, सगळं मोजून-मापून. बी-१२च्या गोळीचं नाव काढलं की म्हणायचा, "निसर्गानं दिलेलं खातो, गोळ्या कशाला? आणि स्पिरुलिना घेतोच आहे की." स्पिरुलिना म्हणजे पौष्टिक म्हणून विकलं जाणारं निळं-हिरवं शेवाळ.

दोनेक वर्षांनी त्याच्या पायाच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. त्यानं सायकलचे बूट बदलले. मग पेडल बदलली. मुंग्या घोट्यापर्यंत आल्या. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन व्यवस्थित, म्हणून तो निर्धास्त झाला. मग एके सकाळी तोंडावर साबण लावून डोळे मिटले आणि तोल जाऊन तो बेसिनवर आदळला. डोळे उघडे असले की उभं राहता येत होतं, मिटले की पाय कुठे आहेत ते कळत नव्हतं. शेवटी एका डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न खाण्याबद्दल विचारला आणि बी-१२ तपासायला सांगितलं. पातळी तळाला गेली होती. इंजेक्शनं सुरू झाली, महिन्यामहिन्यानं फरक पडत गेला, पण डाव्या तळव्याचा एक भाग अजून बधिर आहे.

यात काय काय चुकलं ते नीट बघा, कारण प्रत्येक गोष्ट मला इतरांकडूनही ऐकायला मिळते.

एक तर बी-१२ वनस्पती तयार करत नाहीत, प्राणीही करत नाहीत. ते फक्त काही जिवाणू आणि आर्किया नावाचे काही सूक्ष्मजीव तयार करतात. स्पिरुलिनामध्ये असतो तो बहुतांशी त्याच्यासारखा दिसणारा, पण आपल्या शरीराला निरुपयोगी असा रेणू. दुसरं म्हणजे यकृतात बी-१२चा साठा असतो आणि तो काही वर्षं पुरू शकतो, म्हणून सुरुवातीला काहीच जाणवत नाही. आधीपासून कमी घेणाऱ्याचा साठा मुळातच कमी असतो. तिसरी गोष्ट सगळ्यात फसवी. पालेभाज्या आणि कडधान्यांत फोलेट हे ब गटातलं जीवनसत्त्व भरपूर असतं. फोलेट भरपूर मिळालं तर बी-१२ कमी असतानाही रक्ताचं चित्र बरं दिसू शकतं आणि आत नसांचं नुकसान चालूच राहतं. हिमोग्लोबिन चांगलं आहे यावर विसंबू नका. बी-१२ वेगळं तपासून घ्या. आकडा सीमेवर असेल तर डॉक्टरांना मिथिलमॅलोनिक आम्लाच्या चाचणीबद्दल विचारा.

आता गोळीबद्दल. इंग्लंडच्या व्हीगन सोसायटीचा सल्ला मी वर्षानुवर्षं पाळते आणि इतरांना सांगते: रोज किमान १० मायक्रोग्रॅम, किंवा आठवड्यातून एकदा २००० मायक्रोग्रॅम. आकड्यांतला फरक पाहून लोक गोंधळतात. आपलं शरीर एका वेळी जेमतेम दीड-दोन मायक्रोग्रॅम बी-१२ नेहमीच्या मार्गानं शोषून घेतं, त्यावरच्या मात्रेचा जेमतेम एक टक्का आत जातो. म्हणून क्वचित घ्यायचं असेल तर मात्रा खूप मोठी लागते. मी आठवड्याची गोळी रविवारी घेते आणि डबी टूथब्रशच्या शेजारी ठेवते, म्हणजे ती नजरेआड होत नाही. कमतरता आधीच असेल तर मात्र मात्रा डॉक्टरच ठरवतील.

व्हीगन सोसायटी स्थापन झाली १९४४ साली. बी-१२ वेगळं करण्यात शास्त्रज्ञांना यश आलं ते १९४८ मध्ये. त्या पहिल्या लोकांना कशाची उणीव आहे हेच ठाऊक नव्हतं आणि त्यांच्यातले काही जण आजारी पडले. आज हीच गोष्ट एका छोट्या गोळीत मिळते. ही गोळी जिवाणूंकडूनच तयार करून घेतलेली असते, तिच्यासाठी प्राणी लागत नाही. ती न घेण्यात मला कुठलंही तत्त्व दिसत नाही.

सगळी वनस्पती-दुधं सारखीच समजणं

बदामाच्या दुधात कपभर घेतलं तरी बहुतेकदा एखादाच ग्रॅम प्रथिनं असतात, सोयाच्या दुधात सातच्या आसपास. तांदळाचं आणि नारळाचं दूध प्रथिनांच्या बाबतीत बदामाच्याच रांगेत. चवीसाठी कुठलंही घ्या, पण दुधाची जागा भरायची असेल तर कॅल्शियम आणि बी-१२ घातलेलं सोयाचं दूध निवडा. खोका ओतण्याआधी जोरात हलवा. घातलेलं कॅल्शियम तळाशी बसतं आणि शेवटी तळाचा गाळ फेकून देणारे खूप जण मी पाहिले आहेत.

कॉफीत सोयाचं दूध फाटतं अशी तक्रार नेहमीची. आम्लता आणि उष्णता एकदम मिळाली की त्यातली प्रथिनं गोठतात. दूध आधी कोमट करा, कॉफी उकळती नको, आणि दुधात कॉफी हळूहळू ओता.

कॅल्शियमसाठी पालकावर भिस्त ठेवू नका. पालकात कॅल्शियम दिसतं भरपूर, पण ऑक्झलेटमुळे त्यातलं जेमतेम पाच टक्के अंगी लागतं. ब्रोकोली, केल, कॅल्शियम सल्फेटनं गोठवलेला टोफू यांचं कॅल्शियम कितीतरी चांगलं शोषलं जातं.

पहिल्याच आठवड्यात वाडगाभर राजमा

ज्यांनी आजवर कडधान्यं कमी खाल्ली त्यांनी एकदम वाडगे भरायला घेतले तर पोट फुगणारच. कडधान्यांतल्या रॅफिनोज, स्टॅकिओज या शर्करा आपल्याला पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि वायू तयार होतो. तीन-चार चमच्यांपासून सुरुवात करा, दर आठवड्याला थोडं वाढवा, पाणी भरपूर प्या. मसूर आणि मुगाची डाळ सगळ्यात सोसवते. मी कडधान्य रात्री भिजत घालते, सकाळी ते पाणी फेकते आणि ताज्या पाण्यात अगदी मऊ होईपर्यंत शिजवते. एकदम जास्त शिजवून छोट्या डब्यांत फ्रीझरला ठेवते. दमून आल्यावर काही तयार नसलं की माणूस हाताला लागेल ते खातो, आणि निश्चय बहुतेक तिथेच मोडतो.

राजम्याबाबत शॉर्टकट अजिबात नको. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्यातल्या लेक्टिन नावाच्या प्रथिनामुळे जोरदार उलट्या-जुलाब होतात. मंद आचेच्या इलेक्ट्रिक स्लो कुकरमध्ये तो थेट टाकू नका, कारण तिथलं तापमान हे लेक्टिन नष्ट करायला अपुरं पडू शकतं. आधी भिजवा, पाणी बदला, खळखळून उकळा, मग पुढचं.

लेबल वाचण्यातल्या गफलती

पाकिटावर 'नॉन-डेअरी' लिहिलेल्या, कॉफीत दुधाऐवजी घालायच्या पावडरमध्ये सोडियम केसिनेट असू शकतं, आणि ते दुधापासूनच येतं. व्हे, केसिन, लॅक्टोज ही सगळी दुधाची नावं. जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून, ई१२० हा लाल रंग किड्यांपासून, ई९०४ म्हणजे शेलॅक, तेही किड्यांपासून. ड जीवनसत्त्वाची डी३ गोळी बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या लॅनोलिनपासून बनवतात, लायकेनपासून (दगडफुलासारख्या वनस्पतीपासून) बनवलेली डी३ वेगळी मिळते. मी आधी अ‍ॅलर्जीची ओळ वाचते, दूध-अंडं तिथे ठळक दिसलं की पुढे वाचायची गरजच उरत नाही. 'दुधाचा अंश असू शकतो' ही सूचना मात्र अ‍ॅलर्जी असलेल्यांसाठी असते, तो घटक पदार्थात घातला आहे असा तिचा अर्थ नव्हे.

व्हीगन लिहिलेलं सगळंच पौष्टिक असतं असंही नाही. बाजारातल्या पुष्कळशा व्हीगन चीजमध्ये खोबरेल तेल आणि स्टार्च असतं, प्रथिनं जवळजवळ शून्य. कधीमधी खा, रोजचं जेवण त्यावर उभं करू नका.

आणखी काही, पटकन

जेवणाबरोबर चहा-कॉफी घेऊ नका, लोह कमी शोषलं जातं. तासभर अंतर ठेवा आणि डाळीवर लिंबू पिळा.

जवस अख्खे खाल्ले तर बरेचसे तसेच बाहेर पडतात. दळून फ्रीजमध्ये ठेवा आणि रोज चमचाभर घ्या.

गुलाबी मीठ, समुद्री मीठ दिसायला छान, पण त्यात आयोडीन बहुधा पुरेसं नसतं. आयोडीनयुक्त साधं मीठ वापरा. केल्प या समुद्री शेवाळाच्या गोळ्या टाळा, त्यात आयोडीन भलतंच जास्त असू शकतं.

केकमध्ये एका अंड्याऐवजी चमचाभर जवसाची पूड तीन चमचे पाण्यात भिजवून चालते. मरँगला (अंड्याचा पांढरा भाग फेटून करतात त्या गोड पदार्थाला) ती चालत नाही, तिथे काबुली चणे शिजवलेलं दाट पाणी फेटा.

चुकून दूध असलेलं काही खाल्लं गेलं तर पुढचं जेवण व्हीगन करा. एवढ्यावरून सगळं सोडून देणाऱ्यांची मला खरंच काळजी वाटते.

जिथे स्वतःच्या मनानं काही करू नये

थायरॉइडसाठी लेव्होथायरॉक्सिन घेत असाल तर सोयामुळे त्याचं शोषण कमी होऊ शकतं, गोळी आणि सोया यांत किती अंतर हवं ते डॉक्टरांना विचारा. वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्या एकदम वाढवू नयेत, त्यातल्या के जीवनसत्त्वानं औषधाचा परिणाम बदलतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी आहार बदलण्याआधीच मात्रेबद्दल बोलून घ्यावं. गरोदर आणि बाळाला पाजणाऱ्या बायकांनी बी-१२, आयोडीन, लोह यांचं नियोजन आहारतज्ज्ञाबरोबर बसून करावं, कारण आईला कमी पडलं तर ते बाळालाही कमी पडतं. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी बदामाचं, ओटचं किंवा घरी केलेलं कुठलंही वनस्पती-दूध देऊ नका. आईचं दूध पुरत नसेल तर बाळांसाठीच बनवलेला फॉर्म्युला लागतो. सोयाचा फॉर्म्युलाही मिळतो, पण तो बालरोगतज्ज्ञांना विचारूनच सुरू करा.