व्यसनासाठी ऑनलाइन समुपदेशन घेताना : बेळगाव सीमाभागातील कुटुंबांसाठी

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीच्या मराठी घरांना ऑनलाइन समुपदेशनाचा खरा लाभ भाषेचा आहे. बाजारातली किंवा कचेरीतली कन्नड उत्तम येत असली, तरी दारूपायी घरात काय घडते हे माणूस मायबोलीतच मोकळेपणाने सांगतो, आणि समुपदेशक पुण्यात किंवा कोल्हापुरात असेल तर प्रतीक्षागृहात गल्लीतले कोणी भेटण्याची धास्तीही राहत नाही. मात्र पडद्यावरून काय साधते आणि काय साधत नाही, हे पहिली वेळ ठरवण्याआधीच समजून घ्यावे.

जो माणूस कित्येक महिने रोज भरपूर पितो, त्याला घरच्यांनी शपथ घालून एका दिवसात दारू सोडायला लावू नये. शेवटच्या पेल्यानंतर साधारण सहा ते चोवीस तासांत हात थरथरणे, घाम, मळमळ आणि बेचैनी सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम, नसलेल्या गोष्टी दिसणे आणि ताप अशी जिवावर बेतणारी अवस्था उद्भवू शकते. हे काम समुपदेशकाचे नाही, डॉक्टरांचे आहे. बेळगावचे जिल्हा रुग्णालय किंवा धारवाडची ‘डिमहान्स’ ही मानसिक आरोग्य संस्था, यांपैकी जे सोयीचे असेल तेथे आधी प्रत्यक्ष तपासणी करून घ्यावी. शरीर सावरल्यावर तलफ, सवय, संगत आणि घरातील ताण यांवर जे दीर्घ काम उरते, त्यासाठी व्हिडिओवरील सत्रे चांगली उपयोगी पडतात.

निवड करताना पदव्यांमधला फरक ओळखावा. मानसोपचारतज्ज्ञ हा वैद्यकीय डॉक्टर असल्याने औषधे देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधे देत नाही, पण त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र अल्पमुदतीचा अभ्यासक्रम केलेली व्यक्तीही लावताना दिसते. म्हणून नोंदणी क्रमांक, व्यसनाच्या रुग्णांचा अनुभव, शुल्क, वेळ रद्द करण्याचा नियम आणि अडचणीच्या रात्री कोणाला फोन करायचा, हे आधीच विचारावे. विचारल्याचा राग येणारा माणूस आपल्या कामाचा नाही. ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशी जाहिरात दिसली की दूरच राहावे; डायसल्फिराम हे औषध जेवणात लपवून दिले आणि वर दारू पोटात गेली, तर उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो आणि प्रसंगी जीवही जातो.

पुष्कळ घरांत पिणारा माणूस सत्राला बसायलाच तयार नसतो आणि म्हणून सगळेच अडून राहते. तसे अडण्याचे कारण नाही. पत्नीने, आईने किंवा थोरल्या भावाने स्वतःसाठी सत्र सुरू करावे. माझ्या मते सीमाभागातल्या बहुतेक घरांत हीच सुरुवात अधिक शक्य असते. अशा वेळी सेवा कोणाला दिली जात आहे आणि कोणाचे बोलणे कोणापर्यंत जाणार, हे पहिल्याच भेटीत ठरवून घ्यावे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो, त्यामुळे ‘तो काय बोलला ते आम्हाला सांगा’ असा आग्रह समुपदेशकाकडे धरू नये. घरात मारहाण होत असेल तर जोडीने सत्र घेऊ नये, कारण पडद्यासमोर सांगितलेल्या सत्याची किंमत फोन बंद झाल्यावर मोजावी लागते. ते समुपदेशकाला एकटीने सांगावे, आणि तातडीच्या वेळी ११२ किंवा महिलांसाठीच्या १८१ या क्रमांकावर फोन करावा.

पहिल्या सत्राआधी आठवडाभराची नोंद वहीत ठेवावी : किती वाजता, कोणाबरोबर, कोणत्या प्रसंगानंतर आणि किती. ‘थोडीशी’ असे न लिहिता क्वार्टर मोजावी. १८० मिलिलिटरच्या एका क्वार्टर व्हिस्कीत सुमारे साठ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते, आणि हा आकडा पाहिल्यावर पिणाराही अनेकदा गप्प होतो. जुन्या औषधांच्या चिठ्ठ्या हाताशी ठेवाव्यात. एका खोलीच्या घरात बोलणे अवघड असल्यास इअरफोन लावून गच्चीवर किंवा उभ्या केलेल्या गाडीत बसावे. जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला रेंज जाते, तेव्हा व्हिडिओ तुटल्यास साध्या फोनवर सत्र पुढे न्यायचे, हेही आधीच ठरवावे.

खरे काम दोन सत्रांच्या मध्ये होते. नवरा रात्री पिऊन आल्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. सकाळी तो शुद्धीवर असताना, पोरे शाळेला गेल्यावर, ‘अहो, काल तुम्ही पोरांसमोर ओरडलात, मला भीती वाटली’ इतके आणि एवढेच बोलावे. उद्यमबागेतल्या फौंड्रीत फोन करून ‘त्यांना ताप आलाय’ असे सांगणे, उसनवारी फेडणे, पाहुण्यांना खोटी कारणे देणे, ही सांभाळून घेण्याची सवय एकदम सुटत नाही. समुपदेशकाशी बोलून त्यांतली एकच गोष्ट आधी थांबवावी. ज्या दिवशी तो प्याला नाही, त्या दिवशी आवडीचे जेवण, शांतपणे मारलेल्या गप्पा किंवा एखादी फेरी यांना आवर्जून जागा द्यावी. पुन्हा प्याला तर पुढच्या सत्राची वाट न पाहता त्याच दिवशी संदेश पाठवावा. अशी घसरण उपचारात होतच असते, आणि ती लपवली की पुढचा आराखडा चुकीच्या माहितीवर उभा राहतो.

शुल्क परवडत नसेल किंवा योग्य माणूस मिळेपर्यंत आधार हवा असेल, तर ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत असून दिवसरात्र चालतो, आणि तेथे भाषा निवडता येते; नशामुक्तीसाठी केंद्र सरकारचा १४४४६ हा वेगळा क्रमांक आहे. काही सत्रांनंतरही ठरवलेले कोणतेच काम पुढे सरकले नाही, तर समुपदेशकाला तसे स्पष्ट सांगावे, आणि बदलायचेच ठरले तर आतापर्यंतच्या उपचाराचा सारांश लेखी मागून घ्यावा. बेळगावात तपासणाऱ्या डॉक्टरांना मराठी वाचता येईलच असे नाही, म्हणून तो इंग्रजीत मागितलेला बरा.