भाडे-कार्ड आणताय? आधी उतरतानाच्या टॅपचं काय ते ठरवा

प्रादेशिक बस-रेल्वे सेवेत भाड्याचं कार्ड आणायचं म्हटलं की पहिली बैठक कार्डाच्या रंगावर होते आणि दुसरी ॲपवर. प्रवासी बसमधून उतरताना टॅप करणार, म्हणजे मशीनवर कार्ड टेकवणार, तेव्हा नेमकं काय घडणार, हा विषय निघतो तेव्हा मशीनं विकत घेऊन झालेली असतात. म्हणून हा लेख. निविदा, मंजुऱ्या, निधी हे सगळं तुम्ही करालच, त्याबद्दल इथे काही नाही.

१. भाड्याचे नियम एका पानात बसवा. बसत नसतील तर कार्ड घेऊ नका, आधी नियम छाटा. कंडक्टर चाळीस अपवाद डोक्यात ठेवून माणूस बघून निर्णय घेतो. मशीनला तेवढी समज नसते. बस बदलल्यावर सवलत द्यायची असेल तर मुदत पहिल्या टॅपपासून मोजायची की शेवटच्या, हे आत्ताच लिहून ठेवा. ते न ठरवता सॉफ्टवेअरवाल्याकडे गेलात तर तो स्वतःच्या सोयीने ठरवतो, आणि पुढे तोच तुमचा नियम होऊन बसतो.

२. कार्ड निवडा. स्पर्शाशिवाय चालणारी, १३.५६ मेगाहर्ट्झवरची कार्डं आता सगळीकडे मिळतात, त्यात फार डोकं घालू नका. वेगाची अट मात्र करारात घाला. लंडनमध्ये अर्ध्या सेकंदात व्यवहार पूर्ण होण्याची अट होती, त्यापेक्षा हळू मशीन दारात रांग लावतं. आणि कुणी स्वस्तात पडतं म्हणून जुन्या मायफेअर क्लासिक चिपचं कार्ड गळ्यात मारायला आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. त्याचं कूटलेखन २००८ मध्ये नेदरलँड्समधल्या नायमेखन इथल्या विद्यापीठाच्या संशोधकांनी उघडं पाडलं आहे.

बँकेचं कार्ड थेट टेकवू द्यायचं की नाही? जरूर द्या. लंडनने ते २०१२ मध्ये बसमध्ये आणि २०१४ मध्ये भुयारी रेल्वेत सुरू केलं. पण त्या भरवशावर स्वतःचं कार्ड बंद करू नका. शाळकरी मुलं, सवलतवाले आणि बँकेत खातं नसलेले लोक वाऱ्यावर सुटतात.

३. उतरतानाचा टॅप. सगळी योजना इथेच अडते. मीही सर्वात जास्त इथेच झगडलो आहे.

भाडं अंतरावर असेल तर मशीनला तुम्ही कुठे उतरलात हे कळायला हवं. म्हणून चढताना जास्तीची रक्कम अडकवून ठेवतात आणि उतरताना टॅप केल्यावर उरलेली परत देतात. नेदरलँड्सच्या ओव्ही-चिपकार्ट या भाडे-कार्डात बस-ट्रामला ४ युरो आणि रेल्वेला साधारणपणे २० युरो असे अडकत. टॅप राहिला की ते गेले, मग परताव्यासाठी अर्ज करा. मशीन विकणारे सांगतात, "लोकांना सवय होते हो." सवय होते, हे खरं आहे. पण विसरभोळेपणा हा या दुखण्याचा लहानसा भाग आहे. खरं दुखणं दारात असतं.

गर्दीच्या वेळी मागच्या दाराशी उभं राहून बघा. एका हाताने दांडी धरलेली, दुसऱ्या हातात पिशवी, कार्ड पर्समध्ये, पर्स पिशवीत. बस थांबते, मागून रेटा येतो. बाई अख्खी पर्सच मशीनवर टेकवते आणि पायरी उतरते. मशीनवर लाल दिवा लागतो, "पुन्हा दाखवा". तोवर ती फुटपाथवर पोचलेली असते. कार्डावर लिहिणं अर्धवट राहिलं, प्रवास उघडाच राहिला आणि पूर्ण मार्गाचं भाडं कापलं गेलं. तिच्या मते तिने टॅप केलेला आहे, आणि तिचं म्हणणं चूक नाही.

याहून वाईट प्रकार चढतानाचा. बीप ऐकू आला नाही म्हणून माणूस पुन्हा कार्ड टेकवतो. बिनडोक मशीन तो दुसरा टॅप उतरण्याचा समजतं आणि प्रवास तिथल्या तिथे बंद करतं. मग हा इमानेइतबारे उतरताना टॅप करतो, तेव्हा नवा प्रवास सुरू होतो आणि तो कधीच बंद होत नाही. दोनदा टॅप करणाऱ्या प्रामाणिक माणसाला दंड आणि मध्ये तपासनीस आला तर वर विनातिकीट ठरण्याची नामुष्की!

यावर "पहिली दोन मिनिटं दुसरा टॅप घेऊ नका" असा उपाय सुचवला जातो. तो मला मान्य नाही. वाहतूक तुंबली की दोन मिनिटांत बस जागची हलत नाही, आणि जवळजवळचे थांबे असतील तर दोन मिनिटांत माणूस उतरूनही जातो. कुलूप वेळेवर नको, थांब्यावर हवं. बस पुढच्या थांब्याच्या हद्दीत जाईपर्यंत त्याच कार्डाचा दुसरा टॅप म्हणजे फक्त "नोंद झाली आहे" असा संदेश, बाकी काही नाही. चुकीच्या बसमध्ये चढून लगेच उतरणाऱ्यासाठी चालकाकडे रद्द करायचं बटण द्या. अर्धवट राहिलेलं कार्ड पुन्हा समोर आलं तर तोच व्यवहार पुढे पूर्ण झाला पाहिजे, नवा सुरू होता कामा नये. ही तिन्ही वाक्यं करारात शब्दशः घाला. तोंडी आश्वासनावर राहू नका.

आता थांब्याची हद्द मशीनला कोण सांगणार? जीपीएस. उंच इमारतींमध्ये, पुलाखाली आणि मार्ग वळवलेला असताना ते हमखास भरकटतं. मशीन मागच्याच टप्प्यावर अडकलं की अख्ख्या बसचं भाडं चुकतं. चालू थांबा चालकाला समोर दिसला पाहिजे आणि एका बोटाने पुढे ढकलता आला पाहिजे. शंका असेल तिथे कमी भाडं कापा. त्यात बुडतं त्यापेक्षा जास्त तक्रारी निस्तरण्यात जातं.

रोज एकाच ठिकाणी उतरणाऱ्याचा एखादा टॅप राहिला, तर यंत्रणेने तो प्रवास स्वतःहून पूर्ण करून जास्तीचे पैसे परत करावेत. लंडनच्या रेल्वेत काही प्रकरणांत असा आपोआप परतावा मिळतो. अर्ज मागवणं म्हणजे पैसे बुडवण्याचा सभ्य मार्ग.

आणि हे सगळं वाचून दम लागला असेल, तर माझं स्पष्ट मत ऐका: शहरातल्या छोट्या फेऱ्यांवर उतरतानाचा टॅप आणूच नका. एकच भाडं ठेवा, चढताना एकदा टॅप, विषय संपला. लंडनच्या बस तशाच चालतात. फाटक असलेल्या रेल्वे स्थानकांवर प्रश्नच नाही, टॅपशिवाय माणूस बाहेर पडूच शकत नाही. सिंगापूरने बसमध्ये अंतराचं भाडं यशस्वी केलं, पण तिथे उतरण्याच्या दाराशीही मशीनं असतात आणि टॅप न करणाऱ्याला शेवटच्या थांब्यापर्यंतचं भाडं पडतं. लांब पल्ल्याच्या मार्गांवर तुम्हाला तेच करावं लागेल. मग उतरण्याच्या दारी मशीनं लावताना काटकसर करू नका, आणि चाचणी आगारातल्या रिकाम्या बसमध्ये नव्हे, भरल्या बसमध्ये, पिशव्या आणि कडेवर मुलं घेतलेल्या लोकांसोबत करा.

४. पैशांची वाटणी. दोन-तीन संस्थांच्या बस आणि रेल्वे एकाच कार्डावर असतील तर हिशेबाची संस्था एकच ठेवा आणि मेळ रोजच्या रोज घाला. हाँगकाँगचं ऑक्टोपस कार्ड १९९७ मध्ये वाहतूक संस्थांनी एकत्र येऊनच उभं केलं.

५. रिचार्ज. केंद्रं भरपूर हवीत. शिल्लक कार्डातच साठत असेल तर ऑनलाइन भरलेले पैसे बसमधल्या मशीनला लगेच कळत नाहीत, बस आगारात जाऊन नवी यादी उतरवून घेते तेव्हा कळतात. पैसे भरण्याआधीच ही गोष्ट ठळक लिहा, नंतर बारीक अक्षरांत नको.

६. मशीन बंद पडलं तर प्रवास फुकट. चालकाला तसा लेखी अधिकार द्या, वाद घालायला लावू नका.

७. रोख पैसे सर्वात शेवटी बंद करा. लंडनचं ऑयस्टर हे भाडे-कार्ड लोकांच्या हातात आलं २००३ मध्ये आणि तिथल्या बसमधली रोकड बंद झाली जुलै २०१४ मध्ये. तेव्हाही शिल्लक अपुरी असलेल्या माणसाला आणखी एक बसप्रवास करू देण्याची सोय ठेवली, पुढच्या रिचार्जमधून ते पैसे वळते होतात. रात्रीची शेवटची बस लक्षात घेऊन हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा. कार्डाची अनामत एका फेरीच्या भाड्यापेक्षा थोडी जास्त ठेवली की त्यात तुमचं नुकसानही होत नाही.